कंपनीचा सेट

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

सकाळी कापूस वेचायला दोन बाया आल्या. दुपारी बोरीच्या बाजारातून भाजी आणली. संध्याकाळी पावणेसातला सून प्रियांका ड्युटीवरून आली. ती नर्स आहे. तिचं उपकेंद्र इथून चौदा किलोमीटर. गाडी ती स्वतः चालवते, थोरल्यानेच शिकवली होती.

थोरला जाऊन आज पंचाहत्तर दिवस झाले. आठ दिवस नांदेडला दवाखान्यात होता. ताप मेंदूत गेला म्हणाले. वय बत्तीस.

एकतीस वर्षं विजेच्या सबस्टेशनला ऑपरेटर होतो. दर तासाला लॉगशीट भरायची. निवृत्तीनंतर ती सवय सुटली. आता कालचा दिवस कसा गेला हे आज आठवत नाही, म्हणून परत लिहायला घेतलं.

आज गाडी शेडमध्ये लावायला मी बसलो. चावी फिरवली तर गाणी वाजवायच्या सेटमधून टिंग असा आवाज झाला आणि पडद्यावर योगीराज असं नाव आलं. त्याखाली फोन जोडला गेल्याची सूचना. मागे पाहिलं. धाकटा, हरिओम, ओसरीवर फोनवर बोलत उभा होता. थोरल्याचा फोन मी चौदाव्या दिवशी त्याला दिला, चांगला फोन नुसता पडून राहू नये म्हणून. फोन दहा-पंधरा पावलांवर आला की सेट आपोआप जोडून घेतो. फोनला स्वतःचं नाव थोरल्यानेच दिलेलं आहे. यात विशेष काही नाही.

तरी मी गाडी अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून उतरलो. ते नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं गेलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाडीची पुस्तिका काढून वाचली. सेटमध्ये जोडलेल्या फोनांची यादी असते. त्यात दोन नावं होती, एक प्रियांकाचं. दुसरं पुसलं. दोन मिनिटांचं काम.

रात्री जेवण बरं गेलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुसलेलं नाव परत आलं. सकाळी प्रियांका गाडी काढत होती, हरिओम दात घासत अंगणात उभा होता, टिंग झालं आणि पडदा उजळला. मला फाटकापासून दिसलं. प्रियांका लगेच निघाली नाही. गाडी चालू ठेवून बसून राहिली. हरिओम आत गेला तेव्हा निघाली.

दुपारी हरिओमला विचारलं, तू परत जोडलास का. म्हणाला, "मी कामून जोडू? वहिनीनं फोन मागितला होता काल, इंटरनेट पाहिजे म्हनून. त्यांचं त्यांनाच मालूम."

सेटमध्येच बिघाड असावा. गाडी सहा वर्षांची आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी प्रियांका अपेक्षाला घेऊन गाडीत बसली होती. अपेक्षा माझी नात, साडेचार वर्षांची. गाडी शेडमध्येच होती, चालू. प्रियांका काच पुसत होती. मी बाजेवर होतो, माझी बायको मनकर्णा शेंगा फोडत होती. हरिओम मोटारसायकल घेऊन फाटकातून आत आला. गाडीच्या सेटचा टिंग आवाज झाला आणि अपेक्षा सीटवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. "पप्पा आले! मम्मी, पप्पा आले!"

हरिओम हसला. त्याने हात हलवला. लेकरू अजून टाळ्या वाजवत होतं.

मनकर्णाने पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "ऐकलं का तुमी? लेकरानं बाप वळखला. आपल्याला दोन महिने कळंना, त्याला कळलं."

मलाही ते लागलं. हरिओमचा चेहरा थोरल्यासारखा नाही, चाल मात्र तशीच आहे.

प्रियांकाने लेकराचा हात धरून खाली बसवलं आणि सेटच्या पडद्यावर हात ठेवला, ऊन पडलं की आपण ठेवतो तसा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मनकर्णाने रात्री विषय काढला. घरात मयत झाली की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. हे आमच्याकडे सगळेच पाळतात. तिचं म्हणणं, हरिओमचं लग्न तर करायचंच आहे, मग बाहेरची कशाला आणायची.

"माझ्या चुलतीचा पाट तिच्या दिरासंगंच लावला होता. चार लेकरं झाली. कुनी नाव ठेवलं न्हाई. पोरगी घरात ऱ्हाईल, पगार घरात ऱ्हाईल, गाडी घरात ऱ्हाईल."

मी म्हणालो, प्रियांकाला विचारलं पाहिजे.

"तिला काय विचारता? मानवतला बदली मागायली ती. म्या तिच्या पिशवीत कागद बघितला."

मानवत तिचं माहेर. हे मला माहीत नव्हतं. ती गेली तर अपेक्षा जाणार. मग या घरात आम्ही दोघंच आणि भिंती. हरिओम फेब्रुवारीत पुण्याला नव्या नोकरीवर जाणार आहे.

उशिरापर्यंत झोप आली नाही. पाट लावणं योग्य की अयोग्य ते मी ठरवू शकत नाही. अपेक्षा जायला नको एवढं कळतं.

३० नोव्हेंबर, रविवार

मनकर्णा म्हणते ते खरं दिसतं. आठवडाभर लक्ष ठेवलं.

प्रियांका हरिओमच्या शर्टांना इस्त्री करून देते. आधी करत नव्हती. गुरुवारी ड्युटीवरून आल्यावर त्याच्यासाठी वेगळं मटण शिजवलं, स्वतः खात नाही तरी. आज संध्याकाळी मी हौदामागे होतो तेव्हा दोघांचं बोलणं कानावर आलं.

ती म्हणाली, "भावजी, जरा गाडीपाशी येऊन थांबता का? पाचच मिनिटं."

तो म्हणाला, "बुटाला पॉलिश झालं का?"

"करते. उद्या सकाळी करते."

"मंग उद्याच येतो."

"भावजी, असं नका करू. आज रविवार हाय."

"रविवारचा भाव जास्ती हाय वहिनी. बुटाचे दोन जोड."

मग तिने पॉलिशची डबी आणली. पायरीवर बसून दोन्ही जोड केले. तो मोबाईल खिशात घालून गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला आणि ती आत जाऊन बसली. काच वर होती. पाच मिनिटं झाल्यावर तो म्हणाला, "झाला टाइम," आणि निघून गेला.

दिरा-भावजयीत थट्टा चालते हे बरं लक्षण आहे. थोरला गेल्यापासून तिने स्वतःहून कुणाला हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

एक शंका आली. ती आत आणि तो बाहेर, बोलत तर काहीच नव्हते. पण माणसं एकेकाच्या रीतीने जवळ येतात.

४ डिसेंबर, गुरुवार

प्रियांकाला आज सुट्टी होती, म्हणून गाडी घेऊन परभणीला गेलो. हरिओम सोबत होता. स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत सिद्धोधन नावाचा कारागीर आहे, गाड्यांचे सेट बसवतो. चाळिशीचा असेल. बोलणं मोजकं, हात स्वच्छ.

त्याला सांगितलं, सेट खराब आहे, पुसलेलं नाव परत येतं. मधल्या काळात मी आणखी दोनदा पुसलं होतं.

त्याने पंधरा मिनिटं तपासलं. म्हणाला, "सेटमध्ये कायी फॉल्ट न्हाई काका. नाव आपोआप येत नसतं. फोन अन् सेट, दोन्हीकडून व्हय म्हनावं लागतं तवा जोडतं. कुनीतरी जोडायलंय."

हरिओम बाहेर पानटपरीवर होता. तो आत आला तेव्हा विचारलं. "वहिनी जोडतेत," म्हणाला आणि हसला. "मला काय, माजे बूट चमकायलेत."

मग त्याने दुकानातला मोठा पडदा दाखवला. नऊ इंचाचा. त्यात नकाशा येतो, सिनेमा येतो. म्हणाला, "बाबा, पुण्याला गाडी न्यायची तर हा जुना डबा कशाला? बदलूनच टाकू."

सिद्धोधनला विचारलं, स्टेअरिंगवरची बटणं चालतील का, मागचा कॅमेरा चालेल का. ही बटणं थोरल्याने मला पहिल्या दिवशी दाखवली होती. रस्त्यावरची नजर न काढता आवाज कमी-जास्त होतो.

"समदं चालंल. वायर कापत न्हाई मी. कंपनीच्या कपलरला, म्हंजी तारांच्या जोडाला, आपला कपलर. मधी एक डबी येती, ती स्टेअरिंगचं बोलनं नव्या सेटला समजावून सांगती. गाडीला पत्ताच लागत न्हाई सेट बदलल्याचा."

हे ऐकून समाधान वाटलं. वायर कापून केलेली कामं मी आयुष्यभर पाहिली आहेत. ती पुढे आग लावतात.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर प्रियांकाला समोर बसवलं. मनकर्णा बोलली. मी बाजूला होतो.

प्रियांका माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, मी हायच की इथं. तुमचं दोघांचं करते, पोरीचं करते. मला दुसरं कायी नको."

मनकर्णा म्हणाली, "कायी नको तर मानवतचा अर्ज कामून केला?"

"तो सप्टेंबरातला हाय आत्या. तवा डोकं ठिकानावर नव्हतं. मी परत घेते तो अर्ज."

"अन् हरिओमच्या मागं-मागं करती ते? शर्ट, बूट, मटन? गाव बघायलंय. लेकरू त्याला पप्पा म्हनायलंय. आता कुनाला तोंड दाखवायचं आमी?"

तेव्हा प्रियांकाने मान वर केली. "ती भावजीला न्हाई म्हनत, आत्या."

"मंग कुनाला म्हनती? भिंतीला?"

प्रियांका उत्तर देणार होती असं मला वाटलं. ओठ हलले. पण हरिओम दारात येऊन उभा राहिला होता, खिशात हात घालून, आणि ती त्याच्याकडे बघून गप्प झाली. नंतर एवढंच म्हणाली, "मला नाव दिसतं तेवढं पुरतं मामा. ते तेवढं राहू द्या."

कसलं नाव ते विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, गावात नाव राहावं असं म्हणते आहे.

मनकर्णाने शेवटी स्पष्ट सांगितलं. "जायचं तर खुशाल जाय. पन एकटी जाय. पोरगी आमच्या रक्ताची हाय, ती उंबऱ्याच्या भायेर जायची न्हाई."

हे जास्त झालं असं वाटलं. पण खोटं होतं असंही नाही.

संध्याकाळी तिच्या वडिलांना, आबासाहेबांना, फोन केला. मानवतला त्यांचं खताचं दुकान आहे. धाकटी मुलगी लग्नाची आहे. ते म्हणाले, "लिंबाजीराव, दिलेली लेक तुमची. आमचं कायी म्हननं न्हाई. उलट तुमी माणुसकी दाखवायलात." प्रियांका शेजारी उभी होती, फोनचा आवाज मोठा होता.

११ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस ती कामापुरतं बोलते. संध्याकाळी मात्र अपेक्षाला घेऊन गाडीत बसतेच. आज हरिओम घरी नव्हता. तरी बसली. अपेक्षा विचारत होती, "आज न्हाई येणार का?" ती म्हणाली, "आज लांब हायेत."

मनकर्णा म्हणते, जोवर ती त्या गाडीत बसून जुनं उगाळते तोवर मन नव्याकडे वळणार नाही. हे मला पटलं. मला स्वतःला त्या गाडीत बसवत नाही. पडदा उजळला की दिवसभर हातातलं काम सुटतं. मी सासरा आहे, पुरुष आहे. तिचं काय होत असेल. तिच्यासाठी ते थांबवलंच पाहिजे.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज काम करून घेतलं.

प्रियांकाला काल सांगितलं की गाडी सर्व्हिसिंगला न्यायची आहे, तू एसटीने जा. खोटं नव्हतं. हवा आणि पाणीही पाहून घेतलं.

हरिओमसोबत अकराला परभणीत पोचलो. सिद्धोधनने आधी बॅटरीची तार सोडली. मग समोरची चौकट प्लास्टिकच्या पट्टीने उचकटली, एक ओरखडा पडू दिला नाही. चार स्क्रू. सेट बाहेर ओढला तर मागे तारांचा झुबका, सहा वर्षांची धूळ, आणि अपेक्षाची हरवलेली एक क्लिप. क्लिप त्याने फडक्याने पुसून माझ्या हातात दिली.

काम बघण्यासारखं होतं. प्रत्येक कपलर त्याने नव्या तारेला लावला, खटका बसल्याचा आवाज ऐकून पुढे गेला. स्टेअरिंगची बटणं पहिल्यांदा उलटी चालली. आवाज वाढवायचं बटण दाबलं की गाणं बदलायचं. त्याने मधल्या डबीतून एकेक बटण नव्याने शिकवलं. कॅमेऱ्याचं चित्र आधी उलटं आलं, तेही सरळ केलं. तीनला सगळं सुरू होतं. एकही फंक्शन गेलं नाही.

शेवटी म्हणाला, "फोन जोडून बघू." हरिओमचा फोन घेतला. नव्या पडद्यावर, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत, योगीराज आलं.

मी खुर्चीवर बसलो.

त्याला विचारलं, फोनचं नाव बदलता येतं का. म्हणाला, येतं की, काय द्यायचं? मी म्हणालो, हरिओम.

तो फोन हातात धरून थांबला. "काका, फोन पहिले कुनाचा होता?"

"थोरल्याचा."

"कुठं असतेत ते?"

"नाहीत."

त्याने नाव बदलून दिलं. मग जुना सेट कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. "हा घरी न्या. कंपनीचा माल हाय. अन् ते नाव ह्याच्यात हाय."

हरिओम मला म्हणाला, बदल्यात घेतो का विचारा. सिद्धोधनने माझ्याकडे पाहिलं. घरी नेऊन ठेवायचा कुठे? प्रियांकाच्या दृष्टीस पडला तर केलेलं सगळं वाया. मी म्हणालो, ठेवून घ्या.

येताना हरिओमने गाणी लावली. आवाज चांगला आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

काल रात्री ती उशिरा आली, त्यामुळे पाहिलं नाही. आज सकाळी ड्युटीसाठी गाडीत बसली. मी मुद्दाम फाटकाजवळ उभा राहिलो, बटणं चालतात हे दाखवायला. हरिओम अंगणातच होता.

चावी फिरवली. नवा पडदा सुरू झाला, कंपनीचं चित्र आलं, मग टिंग न होताच नाव आलं. हरिओम.

ती बघत राहिली. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "बघ, सगळं आधीसारखंच चालतं. कॅमेरा पण."

"आधीचा कुठं हाय मामा?"

"दुकानातच ठेवला. जुना झाला होता."

हरिओम मागून म्हणाला, "आता बोला वहिनी, गाडीपाशी येऊ का? आता फुकट येतो."

तिने गाडी बंद केली. चावी माझ्या हातात दिली. पर्स घेतली आणि एसटी स्टँडकडे चालत गेली. तिला हाक मारावी असं वाटलं. पण गाडीला काही झालं नव्हतं, मग काय म्हणून हाक मारायची?

२० डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी सिद्धोधनचा फोन आला. म्हणाला, "काका, तुमच्या सूनबाई आल्या होत्या दुपारी. जुना सेट मागायल्या होत्या."

मी विचारलं, मग?

"गेला तो. गुरुवारीच जिंतूरच्या एकानं नेला. नेताना मी त्यातली जुनी नावं साफ करून देतो, तशी रीत हाय. त्यांना सांगितलं. त्या तासभर बसल्या इथं. पानी दिलं तर घेतलं न्हाई." मग तो म्हणाला, "तुमी मला नीट सांगायला पाहिजे होतं काका."

काय नीट सांगायचं होतं कळलं नाही. सेट बदल म्हटलं, त्याने बदलला. हात चांगला असला तरी ही माणसं कधीकधी उगीच बोलतात.

प्रियांका रजा टाकून गेली असणार. घरी येऊन तिने नेहमीप्रमाणे भाकरी केल्या.

२२ डिसेंबर, सोमवार

प्रियांकाने होकार दिला.

सकाळी मनकर्णाला ओसरीवर येऊन म्हणाली, "तुमी म्हनता तसं करा. पोरगी माझ्यापाशी राहू द्या फक्त." एवढंच. रडली नाही.

मनकर्णाने तिला जवळ घेतलं. मला म्हणाली, "बघितलं? नाव पुसलं तवा डोकं जाग्यावर आलं."

सेट बदलण्यात माझी चूक झाली की काय असं गेले चार दिवस वाटत होतं. ती शंका गेली.

गाडी थोरल्याच्या नावावर आहे. ती हरिओमच्या नावावर करायला वारस म्हणून तिची सही लागते. तीही तिने आजच केली. कुठे करायची एवढंच विचारलं.

२५ जानेवारी २०२६, रविवार

पौष संपला. आज पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात कार्य उरकलं. आम्ही, आबासाहेब आणि भटजी. मांडव नाही, वाजंत्री नाही. अशा लग्नाला नसतंच. प्रियांकाने मनकर्णाने आणलेली हिरवी साडी नेसली.

येताना गाडी हरिओमने चालवली. तिला पुढे बसवलं. मध्ये त्याने पाणी मागितलं, तेव्हा ती म्हणाली, "घ्या भावजी."

मनकर्णाने मागून तिच्या डोक्यात टपली मारली. "आता भावजी म्हनती व्हय गं? जीभ काढून ठिवंल कुनी."

हरिओम हसला. आबासाहेब खिडकीबाहेर ऊस बघत होते. ती "चुकलं" म्हणाली.

अपेक्षा माझ्या मांडीवर झोपली होती. ती या घरात राहिली. मला तेवढंच पाहिजे होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हरिओम गाडी घेऊन पुण्याला गेला. प्रियांकाला नंतर नेतो म्हणाला, आधी खोली बघतो. तिची नोकरी इथे आहे, आमचंही बघायला कुणी पाहिजे, तेव्हा घाई नाही. ती पहाटे पाचला उठून सगळ्यांचा स्वयंपाक करते आणि साडेसातची एसटी धरते. त्या गावाला एसटी थेट जात नाही, पुढे तीन किलोमीटर चालते. कुरकुर नाही.

शेड मोकळं झालं. कडब्याला जागा झाली.

२ मार्च, सोमवार. होळी

हरिओम दुपारी आला. एक महिन्याने. मनकर्णाने पुरण घातलं होतं. अपेक्षा अंगणात खेळत होती.

गाडी फाटकातून आत आली. हरिओमने काच खाली केली. मनकर्णा लेकराला म्हणाली, "बघ गं, कोन आलं? म्हन, पप्पा आले."

अपेक्षा उठली. पळत गाडीपाशी गेली. आत डोकावली. ती हरिओमकडे बघत नव्हती, मधल्या पडद्याकडे बघत होती. मग वळली आणि म्हणाली, "न्हाई आले."

"आगं, हे काय समोर बसलेत!"

"हे काका हायेत. पप्पाचा आवाज न्हाई आला."

मनकर्णाने तिला एक चापट मारली. जोराची नव्हती. म्हणाली, "तुला कुनी शिकवायलंय ते मला मालूम हाय." आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. प्रियांका चुलीवर पोळी उलटत होती. तिने उलथणं खाली ठेवलं, बाहेर येऊन अपेक्षाला उचललं आणि परत आत गेली. तव्यावरची पोळी करपली.

अपेक्षा रात्री माझ्याजवळ झोपायला आली नाही. रोज येते.

नोव्हेंबरात तीच पोर त्याला पप्पा म्हणून टाळ्या वाजवत होती. मी स्वतः ऐकलं, वहीत लिहिलेलं आहे. आता का म्हणत नाही कळत नाही. सेट तर चांगला बसला आहे. मी आज परत तपासला. एकेक बटण दाबून पाहिलं.

५ मार्च, गुरुवार

हरिओम काल गेला. प्रियांका ड्युटीवर. मनकर्णा अपेक्षाला घेऊन शेतात गेली. जाताना अपेक्षाने माझ्याकडे पाहिलं नाही.

घरात पीठ संपलं होतं. ज्वारी निवडून डब्यात भरली आणि गिरणीत गेलो. माझ्याआधी तीन डबे होते. बाकावर बसलो. गिरणीवाल्याने विचारलं, बारीक का जाडसर? बारीक म्हणालो. दळून झाल्यावर डबा सायकलला बांधून घरी आणला. पीठ अजून गरम होतं, म्हणून झाकण लगेच लावलं नाही. ओट्यावर उघडं ठेवून निवायची वाट बघत बसलो.